पहाटे पिणारा फिटर

मला पाठवू नका, हे मी आमच्या फादर विल्सनना तीन वेळा सांगितलं. एकदा चर्चच्या पडवीत, एकदा फोनवर आणि एकदा राहुरीच्या स्टँडवर एसटीच्या खिडकीतून. तिन्ही वेळा त्यांचं उत्तर एकच, "बाई, तुमचं अक्षर वळणदार आहे." आयुष्य शाळेत घालवलं, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले, आणि उपवासकाळाच्या ऐन उन्हात ठाणे-डोंबिवलीची धूळ खायला माझी निवड झाली ती अक्षरासाठी. तेही जे काही लिहून आणायचं ते शेवटी टाइपच करून घ्यायचं होतं.

काम असं होतं. एके काळच्या चेकोस्लोव्हाकियात फादर टोमाश नावाचे एक धर्मगुरू होऊन गेले. त्यांना हुतात्मा मानायचं की नाही याची चौकशी तिकडच्या चर्चमध्ये चालू आहे. ती चौकशी पाहणारे धर्मगुरू आणि आमचे फादर विल्सन रोमला एका वर्गात होते. फादरांना कुणाला नाही म्हणता येत नाही, आणि दुसऱ्याच्या वतीनं हो म्हणायला तर त्यांना मुळीच वेळ लागत नाही.

फादर टोमाशांची हकिगत पत्रात दोन पानांत दिली होती, ती मी इथे थोडक्यात देते. कम्युनिस्ट राजवटीनं धर्मगुरूंच्या शाळा बंद केल्या तेव्हा ते अगदी तरुण होते. ते कारखान्यात फिटर झाले आणि रात्री चोरून धर्मशास्त्र शिकले. त्यांना दीक्षा मिळाली ती कुणाच्या तरी स्वयंपाकघरात, पडदे ओढून. दीक्षा देणारे बिशप दिवसा इमारतींच्या काचा पुसायचे. आपला मुलगा धर्मगुरू झालाय हे टोमाशांच्या आईला माहीत नव्हतं. चौकशीला पोलीस आले तर तिला खोटं बोलावं लागू नये, म्हणून त्यांनी सांगितलंच नाही. पहाटे मिस्सा, म्हणजे आमची उपासना, आणि दिवसभर पाने आणि बोल्ट, अशी त्यांनी बरीच वर्षं काढली. हात इतका चांगला की सरकारनंच त्यांना यंत्रं बसवायला परदेशी पाठवलं. आणि पाठवलं कुठे, तर डोंबिवलीला. एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात.

वर्षभरासाठी आलेल्या टोमाशांना सहा महिन्यांतच घाईघाईनं परत नेलं. विमानातून उतरून ते घरी पोचलेच नाहीत. दोन महिन्यांनी आईच्या दारात एक बंद पेटी आली, आणि ती उघडणार नाही अशी आईची सही घेण्यात आली.

आता घोळ इथे आहे. त्यांना परत बोलावल्याचं कारण सरकारी कागदात लिहिलंय, दारूचं व्यसन आणि बेशिस्त. धर्मगुरू म्हणून पकडून मारलं असेल, तर ते हुतात्मा. दारूपायी नोकरी घालवलेला फिटर तुरुंगात मेला असेल, तर वाईट झालं एवढंच. त्यांची एक पुतणी आहे. ती आता म्हातारी झाली आहे आणि तो कागद खोटा ठरावा म्हणून कित्येक वर्षं खेटे घालते आहे. डोंबिवलीत त्यांना पाहिलेलं कोणी हयात असेल तर त्याची साक्ष हवी होती. पत्रात दोनच नावं होती. कारखान्यातले तेव्हाचे इंजिनिअर जोशी, सध्या ठाणे. आणि परदेशी लोकांच्या बंगल्यावरचा स्वयंपाकी बाळाराम, मानपाडा.

सोबत प्रश्नांची लांबलचक यादी होती. तिचं मराठी फादरांनी स्वतः केलं होतं. नमुना देते. "देवसेवक टोमाश यांच्या ठायी सद्गुण वीरोचित प्रमाणात दृग्गोचर झाले काय?" मी विचारलं, हे मी स्वयंपाक्याला विचारू? फादर म्हणाले, सोपं करून विचारा. यादीच्या शेवटी नियम होता. साक्ष साक्षीदाराच्याच शब्दांत लिहावी, त्याला पूर्ण वाचून दाखवावी आणि मगच सही घ्यावी.

बुधवार, ठाणे

जोशी घोडबंदर रोडच्या एका टॉवरमध्ये बाविसाव्या मजल्यावर राहतात. त्या रस्त्याबद्दल मी फार लिहीत नाही. मेट्रोचे खांब उभे आहेत, खांबांखाली पत्रे आहेत आणि पत्र्यांमधून उरलेल्या जागेत सगळं ठाणे शहर उभं आहे. टॉवरच्या फाटकावर वॉचमननं मला अडवलं. साहेबांच्या मोबाइलवर विनंती गेली आहे, त्यांनी ती मान्य केली की दार उघडेल, म्हणाला. साहेब दुपारचे झोपले होते. मी पाऊण तास उन्हात एका कुंडीच्या कठड्यावर बसले. राहुरीत मी कुणाच्याही दारात उभी राहिले तर आधी पाण्याचा तांब्या येतो आणि नाव नंतर विचारतात. इथे नाव, फोटो आणि फोन नंबर देऊनही पाणी मिळालं नाही.

जोशी मात्र सज्जन निघाले. पंचाऐंशीच्या पुढचे, धोतर-बनियनवर, बोलणं अगदी पुणेरी शुद्ध. चहा झाला, खारी झाली. मी यादी बाहेर काढली आणि सद्गुणांचा प्रश्न सोपा करून विचारला, "माणूस कसा होता?"

"टोमाश ना? सोन्यासारखा माणूस," जोशी म्हणाले. "कामाला वाघ. कामगारांच्या पंक्तीला बसून जेवायचा. पण घ्यायचा हो."

"काय घ्यायचा?"

"मद्य. आणि केव्हा, तर पहाटे चार वाजता. रिकाम्या पोटी. त्याच्याबरोबर आलेल्या तिघा परदेशी सहकाऱ्यांना कित्येक महिने पत्ता नव्हता. आमच्या सबंध कारखान्याला मात्र ठाऊक होतं."

माझ्या हातातली खारी हातातच राहिली. ज्या कागदाला खोटं पाडायला मी आले होते, त्याच्यावर या माणसानं पहिल्याच तासात शिक्का मारला होता.

"तुम्ही स्वतः पाहिलंत?" मी विचारलं.

"मी कशाला पाहीन? बाळाराम बंगल्यावरच निजत असे, त्यानं पाहिलेलं."

"मग मी हे लिहीत नाही," मी म्हटलं. ऐकीव माहितीला मी शाळेतही कधी गुण दिले नाहीत. जोशी हसले आणि मला लिफ्टपर्यंत सोडायला आले.

खाली येऊन रिक्षावाल्याला म्हटलं, मानपाडा. दहा मिनिटांत त्यानं मला एका उड्डाणपुलाखाली उतरवलं. एवढ्या लवकर ठाण्यात कुणी कुठे पोचत नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. मी तासभर त्या भागात जुना रंगाचा कारखाना शोधला. शेवटी एक भाजीवाली म्हणाली, "मावशी, हे ठाण्याचं मानपाडा. तुम्हाला डोंबिवलीचं पायजे." एकमेकांना लागून असलेल्या दोन शहरांत एकाच नावाचे दोन भाग ठेवणाऱ्यांनी भूगोलाच्या मास्तरांचा काहीतरी जुना राग काढला असणार.

गुरुवार, मानपाडा आणि दिवा

मुक्काम कल्याणला सिस्टरांच्या कॉन्व्हेंटात होता. तिथून डोंबिवलीच्या मानपाड्याला कशी पोचले ते सांगत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना नाही त्यांनी सुखात राहावं. एवढंच सांगते की शेअर रिक्षात मागे तीन माणसं बसली तरी ती हलत नाही. ड्रायव्हरच्या शेजारी चौथा लागतो. तो चौथा येईपर्यंत आम्ही तिघी एकमेकींच्या मांड्यांवर आपापली पिशवी ठेवून बसलो होतो.

कारखाना बंद होऊन जमाना झाला. बंगल्याच्या जागी सात मजली इमारत आहे. पण बाळारामचं नाव काढताच पानवाल्यानं थेट एका रेती-सिमेंटच्या ऑफिसकडे बोट दाखवलं. आत काचेच्या टेबलामागे बाळारामचा मुलगा विलास बसला होता. पन्नाशीचा, गळ्यात जाड सोन्याची चेन, हातात दोन मोबाइल. ही मंडळी मूळची आगरी. एके काळी इथे यांची भातशेती होती, आता इमारती आहेत. विलासनं मला खुर्ची दिली, थंड दिलं, सगळं ऐकून घेतलं. टोमाशचं नाव ऐकल्यावर त्यानं एक मोबाइल उलटा ठेवला.

"बाबा इथं नाहीत ना बाई," तो म्हणाला. "ते दिव्याला गेलेत. आत्याकडे."

पत्ता घेतला, दिव्याला गेले. दिवा म्हणजे एका खोलीला दुसरी खोली आणि तिला तिसरी अशा घाईनं बांधत नेलेलं गाव. गल्लीत नुकताच पाण्याचा टँकर आला होता. सगळी गल्ली निळे ड्रम घेऊन धावत होती, आणि बाळारामची बहीण हिराआत्या कमरेला पदर खोचून रांगेत तिसरी उभी होती. मी विचारलं तेव्हा ती पाइपावरची नजर न काढता म्हणाली, "दादा? तो गेला कोपरला. पोरीकडं."

मला रडू यायचं बाकी होतं. मी तिथेच तिच्या रिकाम्या ड्रमवर बसले. माझा अवतार बघून तिला दया आली, किंवा ड्रम हवा होता, पण ती एकदम म्हणाली, "उठा बाई. दादा कुटं जातोय? गुडघे गेल्यात त्याचे. मानपाड्याला घरातच हाय, वरच्या माल्यावर. विलासचा फोन आलता, कोपर सांग म्हनून." मग मी तिचा एक ड्रम धरून तिच्या दारापर्यंत लोटत नेला, कारण ती काही तो मला सोडू देईना. निघताना तिनं तांब्याभर पाणी दिलं. त्या गल्लीत त्या दुपारी ते काय मोलाचं होतं हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून सगळं प्याले.

शुक्रवार, पुन्हा मानपाडा

सकाळीच विलासच्या घरी जाऊन उभी राहिले. त्याची बायको सुगंधा दार उघडून गोंधळली. विलास आंघोळ करून बाहेर आला आणि मला बघून तिथेच थांबला.

"खोटं का बोललात?" मी विचारलं. हा प्रश्न मी हजारो मुलांना विचारला आहे, त्यामुळे त्याचा सूर बरोबर लागतो. विलासनं मान खाली घातली.

"बाई, तुम्ही मेलेल्या माणसाची दारू काढायला आलाय," तो म्हणाला. "जोशीसाहेबांनी फोन करून सांगितलं मला, कुणीतरी चौकशीला येतंय म्हणून. बाबा त्या विषयावर नाय बोलत. त्यांना त्रास होतो. तो साहेब त्यांना भावासारखा होता."

"दारू काढायला नाही. पुसायला आलेय," मी म्हटलं. आणि पुतणीचं, सरकारी कागदाचं सगळं सांगितलं. फक्त टोमाश धर्मगुरू होते हे मी गाळलं. साक्षीदाराला आधी उत्तरं सुचवायची नाहीत असं यादीच्या डोक्यावर लिहिलेलं होतं.

विलासनं मला खुर्ची पुढे केली. मग म्हणाला, "माझ्या हळदीला आमच्याकडे थेंब नव्हता. तुम्हाला माहीत नसेल. आगऱ्याची हळद, अख्खा गाव जमलेला, डीजे लागलेला, आणि प्यायला फक्त सरबत. लोक अजून हसतात. त्या साहेबाला नेलं तेव्हापासून बाबांनी घरात बाटली येऊ दिली नाही. कारण विचारलं तर ताटावरून उठायचे."

एवढ्यात सुगंधानं पाट मांडले. ताटात तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी आणि मटणाचा लालभडक रस्सा. मी हात जोडले. म्हटलं, आज शुक्रवार, आम्ही उपवासकाळात शुक्रवारी मांस खात नाही.

"शुक्रवार म्हणून तर केलं," सुगंधा म्हणाली. "काल गुरुवार होता, गुरुवारी आम्ही नसतो खात."

देवासाठीच दोघींनी वार धरलेले, आणि नेमके उलटे. तिचा चेहरा पडला. मग तिनं विचारलं, "सुकट चालंल?" मासे चालतात म्हटल्यावर पाच मिनिटांत कांद्यात परतलेली सुकट आली. तीन दिवसांत पहिल्यांदा मी कुणावर न चिडता जेवले.

जेवण झाल्यावर विलास मला वर घेऊन गेला. बाळारामदादा खिडकीपाशी लोखंडी खाटेवर बसले होते. बारीक, काळेभोर, डोक्याला पांढरा रुमाल. विलासनं त्यांच्या कानाशी वाकून काय सांगितलं कोण जाणे, त्यांनी मला बराच वेळ निरखलं. मग म्हणाले, "त्याच्या घरची लोकं इचारतात?"

"हो. पुतणी विचारते."

"मंग सांगतो. घरच्यांचा हक हाय."

मी वही उघडली. फादरांची यादी पिशवीतच राहू दिली.

"मी दाराजवल झोपायचो," ते म्हणाले. "चाराला उठायचा तो. बाकीचे तिघं घोरत. टेबल पुसायचा, दोनदा. मंग रुमाल हातरायचा, धुतलेला, इस्तरी केलेला. मना बोलला व्हता, गव्हाची भाकरी कर, बारकी, पातल. मीठ नको, सोडा नको. मी बोललो, साहेब, चव नाय लागनार. तो हसला."

"आणि दारू?"

"ती पन मीच करायचो." त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं. "मनुका भिजवून. त्यानंच शिकवली. आमच्याकडं गूल, नवसागर, सगला घालतात. त्याला कायच नको. मनुका नि पानी. मी बोललो, ह्यानं चढनार नाय. तरी तीच पायजे. बारकी वाटी, दोन घोटाची. आनि त्यात पानी किती घालनार? एक थेंब. मी पिनारे लय बघितले बाई, पन दारूत एक थेंब पानी घालनारा ह्योच."

माझं पेन थांबलं. मी वर पाहिलं. ते बोलतच होते.

"भाकरी वर धरायचा, दोन्ही हातांत. मंग वाटी वर धरायचा. गुडघ्यावर बसायचा. हलू हलू कायतरी बोलायचा. पिऊन झाली का वाटीत पानी टाकायचा, खलखलवायचा, नि ते पन पिऊन टाकायचा. रुमालावर भाकरीचा कन पडला तं बोट लावून उचलायचा नि खायाचा. मना वाटला, ह्याचा व्यसन लय वाईट, थेंब सोडीत नाय."

मला कळायला लागल्यापासून मी दर रविवारी जे पाहत आले, ते मला एक माणूस बेवड्याची सवय म्हणून सांगत होता, आणि त्यातली एकही गोष्ट चुकत नव्हती. थेंब तो पाण्याचा, तो तसाच घालतात. कण तो तसाच उचलतात. पेला तसाच धुऊन पितात. मी मान खाली घालून लिहीत राहिले.

"मग त्यांना परत का नेलं?" मी विचारलं.

"माझ्यामुलं," बाळारामदादा म्हणाले. "त्या चौघांत एक मोठा साहेब व्हता. मोडकी हिंदी बोलायचा. एक दिवस मना बाजूला घेतला नि इचारला, टोमाश सकाली काय करतो? मना वाटला, दुसऱ्या कुनी चुगली करन्यापरीस आपन सांगू. मी बोललो, थोडी घेतो साहेब, पन कामाला चुकत नाय. तं त्यानं सगला इचारला. रुमाल कसला, भाकरी कसली, पानी किती, गुडघ्यावर बसतो का. मी सगला सांगितला. त्यानं लिवून घेतला. चौथ्या दिवशी गाडी आली."

त्यांनी डोक्यावरचा रुमाल काढून मांडीवर ठेवला. "निघताना माझ्या आयच्या पाया पडला. आयनं शिकवलेला, जातो नाय बोलायचा, येतो बोलायचा. तं येतो बोलला. मी त्याला पाजली नसती तं त्याची नोकरी गेली नसती बाई."

आता उत्तरं सुचवण्याचा प्रश्न उरला नव्हता. मी पेन मिटलं आणि सांगितलं. टोमाश फिटर होते तसेच धर्मगुरूही होते. त्यांच्या देशात ते लपवावं लागत होतं, कळलं तर तुरुंग होता. पहाटे ते जे करायचे ती आमची मिस्सा, आमच्या धर्मातली सगळ्यात मोठी पूजा. ती भाकरी आणि ती वाटी आम्ही देवाची मानतो.

बाळारामदादांनी ते दोनदा वदवून घेतलं. "मंग ती दारू नवती?"

"आमच्या दृष्टीनं नव्हती."

"तो बेवडा नवता?"

"नव्हता."

त्यांनी दोन्ही हात तोंडावर घेतले आणि खांदे हलायला लागले. रडतायत की हसतायत ते कळेना. विलास खाली बसून त्यांचे पाय दाबायला लागला आणि म्हणाला, "बाबा, मग माझ्या हळदीला उगाच सरबत पाजलंत." तेव्हा म्हातारा खरंच हसला. सुगंधा जिन्यात उभी राहून डोळे पुसत होती. मला इतका आनंद झाला होता की परतताना रिक्षावाल्यानं चौथ्यासाठी वीस मिनिटं थांबवलं, तरी मी काही बोलले नाही.

कल्याणला स्टेशनजवळच्या एका टायपिंगच्या दुकानात मी वही दिली. दुकानदारीणबाईंनी वर मधोमध '॥ श्री ॥' टाकून सुरुवात केली. काढा म्हटलं, तर म्हणाल्या, "असू द्या, कागद चांगला होतो." दोनदा सांगून काढायला लावलं. मग स्क्रीनवर ओळी एकेक करून उमटायला लागल्या आणि मी त्यांच्या मागे उभी राहून त्या वाचत होते. मोठ्या साहेबाच्या परिच्छेदापाशी माझा आनंद संपला.

रुमाल कसला, भाकरी कसली, पानी किती, गुडघ्यावर बसतो का. दारुड्याबद्दल असे प्रश्न कुणी विचारत नाही. तो साहेब बाळारामच्या तोंडून हे ऐकताना माझ्याइतकंच ओळखत होता, आणि त्यानं ते लिहून घेतलं होतं. बाळारामनं दारू पाजून टोमाशांची नोकरी घालवली नव्हती. बाळारामनं, दोस्ताला वाचवायला म्हणून, त्यांची मिस्सा शब्दन् शब्द सांगून त्यांना मरणाच्या हाती दिलं होतं.

फादरांना फोन केला. ते तर हरखूनच गेले. "बाई, हेच वाक्य हवं होतं," म्हणाले. "पकडलं ते श्रद्धेसाठी, दारूसाठी नाही. याच्यावर सगळं उभं राहील."

"आणि त्या म्हाताऱ्याला मी हे वाचून दाखवू?"

"नियम आहे ना," फादर म्हणाले. मग म्हणाले, "बघा, तुम्हाला जमेल तसं करा." मला नेहमी हेच ऐकवतात. यांच्या नियमात जमेल तसं कुठे बसतं ते ते सांगत नाहीत. मी फोन ठेवला. परिच्छेद काढावा तर पुतणीची सगळी खटपट वाया. ठेवावा तर आजच ज्याचं ओझं उतरलं त्याच्या डोक्यावर मी त्याहून मोठं ठेवणार.

शनिवार

परिच्छेद ठेवला. आणि वाचायचा नाही असं ठरवून गेले.

बाळारामदादा आज दाढी करून, धुतलेला सदरा घालून बसले होते. विलास शेजारी होता. मी सावकाश वाचायला लागले. टेबल, रुमाल, भाकरी, मनुका, थेंब. प्रत्येक वाक्याला ते मान हलवत होते. पान उलटलं आणि मोठ्या साहेबाचा परिच्छेद डोळ्यांनी ओलांडून मी सरळ गाडीवर आले. गाडी आली, ते आईच्या पाया पडले, येतो म्हणाले.

"एक राहिला," बाळारामदादा म्हणाले.

"काय राहिलं?"

"मोठ्या साहेबाचा."

"पान मागेपुढे झालं असेल," मी म्हटलं. खोटं बोलल्याबद्दल पोरांना वर्गाबाहेर उभं करणारी मी.

"पान बराबर हाय," ते शांतपणे म्हणाले. "तुमी गेल्यावर मना झोप नाय आली. तो पित नवता, तं मी साहेबाला काय सांगितला? ते मना कलला बाई. वाचा."

"बाबा, राहू दे ना," विलास म्हणाला. त्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही.

मी वाचलं. रुमाल कसला, भाकरी कसली, पानी किती. मी दोनदा अडखळले आणि दोन्ही वेळा ते थांबले, मी पुन्हा सुरू करेपर्यंत. चौथ्या दिवशी गाडी आली, इथपर्यंत आल्यावर त्यांनी हात वर केला.

"चौथ्या नाय, तिसऱ्या. दोन रोज मदी गेले, तिसऱ्याला आली."

मी खोडून तिसऱ्या लिहिलं. खोडल्याशेजारी त्यांनी सही केली, मग शेवटी केली. शाळा लवकर सुटलेल्या माणसाची सही, प्रत्येक अक्षर वेगळं. पेन परत देताना ते म्हणाले, "त्या पुतनीला हा कागद दावतील का?"

"ती मागेल तर दाखवतील."

"मागंल तं नको. तुमी लिवा तिला. सांगनारा मी व्हतो म्हनून, नाव घालून लिवा. मंग तिनं मना काय बोलायचा ते बोलू दे."

"दादा, तुम्ही वाईट हेतूनं नव्हतं सांगितलं. तेही लिहिते."

"ते नका लिवू," ते म्हणाले. "ते तिला ठरवू दे."

मी शेवटचं पान उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला त्यांनी सांगितलं तेवढंच लिहिलं. वाचून दाखवलं. त्यांनी त्याच्याखाली पुन्हा सही केली.